आधी तार, मग वायफाय : घरचा इंटरनेटचा वेग नीट मोजायचा कसा

मागच्या मे महिन्यात नागपुरात मानेवाड्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकूंनी हाक मारली, "अरे, जरा वर येऊन बघतोस का? पोरगी रडकुंडीला आली आहे." त्यांची लेक पुण्याच्या नोकरीतून महिनाभर घरून काम करायला आली होती. आतल्या खोलीत दार लावून मीटिंगला बसली की आवाज तुटायचा, चेहरा गोठायचा. मी गेलो तेव्हा ती इंटरनेटवाल्याशी फोनवर बोलत होती. तो म्हणत होता, "मॅडम, आमच्याकडून स्पीड पूर्ण जाऊन राहिला, आत्ताच चेक केला." ती म्हणत होती, "दादा, २०० चा प्लॅन आहे अन् मला १८ दिसून राहिले."

दोघंही खरं बोलत होते. लॅपटॉपला तार लावून मोजलं तेव्हा १९० च्या वर आकडा आला. म्हणजे घराच्या उंबरठ्यापर्यंत पूर्ण वेग येत होता. तो हरवत होता राऊटरपासून आतल्या खोलीपर्यंतच्या पंधरा-वीस फुटांत. तार खिडकीतून घरात शिरली म्हणून राऊटर खिडकीच्या कोपऱ्यात खाली ठेवलेला होता, आणि एप्रिलमध्ये त्याच खिडकीला कूलर लागला होता. राऊटरच्या अगदी अंगाला पत्र्याची पेटी आणि तिच्यात भरलेली पाण्याची टाकी.

नव्यानं घरी इंटरनेट घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो. वेग कमी वाटला तर आधी तारेवर मोजा, मग वायफायवर. या दोन आकड्यांत किती फरक पडतो त्यावरून दोष कोणाकडे आहे ते कळतं. नुसत्या वायफायवर मोजून कंपनीशी भांडलात तर दुपार वाया जाईल, आणि नुसत्या अंदाजानं नवा राऊटर आणलात तर पैसे. मोजमाप अर्ध्या तासाचं आहे, आणि त्यासाठी लागतं एवढंच: एक लॅपटॉप, एक लॅन केबल, एक वही.

मोजण्याआधी आकडा समजून घ्या

प्लॅनवर लिहिलेलं असतं एमबीपीएस, म्हणजे दर सेकंदाला किती मेगाबिट. फाइल उतरवताना लॅपटॉप दाखवतो मेगाबाइट. आठ बिट मिळून एक बाइट होतो. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर सिनेमा उतरवताना सेकंदाला १२ मेगाबाइटच्या आसपास दिसले, तर ते बरोबर आहे, कोणी तुमचे ८८ खाल्लेले नाहीत. हा गैरसमज इतक्या घरांत पाहिला आहे की सुरुवातीलाच सांगितलेला बरा. इंग्रजीत बिटचा बी लहान लिहितात, बाइटचा मोठा.

वहीच्या पहिल्या ओळीत प्लॅन लिहा: डाउनलोड किती, अपलोड किती, महिन्याची डेटा मर्यादा किती. ती मर्यादा ओलांडली की बऱ्याच प्लॅनमध्ये वेग आपोआप खाली येतो. महिनाअखेरीला "अचानक" स्लो झालेल्या कनेक्शनचं कारण अनेकदा हेच असतं. कंपनीच्या ॲपमध्ये वापर किती झाला ते दिसतं. आधी तिथे डोकावा.

तार घरात कुठून येते ते शोधा

नागपुरात साधारण दोन तऱ्हा दिसतात. एक, फायबरची बारीक काळी किंवा पांढरी वायर थेट घरात येते आणि एका डब्यात शिरते. हा डबा म्हणजे ओएनटी, लोक त्याला सरसकट मोडेम म्हणतात. त्यावर 'पॉन' नावाचा दिवा स्थिर हिरवा असला पाहिजे. 'लॉस' नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून इंटरनेट आणणारा प्रकाशच घरापर्यंत पोचत नाही. अशा वेळी वेग मोजण्यात अर्थ नाही, थेट तक्रार करा. बहुतेक नव्या डब्यांत वायफाय राऊटरही आतच असतो.

दुसरी तऱ्हा स्थानिक केबलवाल्याची. फायबर येतं ते बिल्डिंगच्या गच्चीपर्यंत किंवा शेजारच्या इमारतीपर्यंत. तिथे एका पेटीत स्विच, म्हणजे एक लाइन अनेक घरांना वाटणारा डबा, असतो आणि तिथून तांब्याची लॅन केबल भिंतीवरून उतरून तुमच्या राऊटरमध्ये येते. ही केबल वर्षानुवर्षं नागपूरच्या उन्हात पडलेली असते. पंचेचाळीस अंशांत तिचं प्लास्टिक कडक होतं, तडकतं, आणि पहिल्या पावसात पाणी आत जातं. गच्चीवरून तार येणाऱ्यांनी मे-जूनच्या वादळात वीज कडाडायला लागली की ती राऊटरमधून काढून ठेवावी. तांब्यातून आलेल्या झटक्यानं पोर्ट जळतात. फायबर काचेचं असल्यानं त्यातून हा झटका येत नाही.

तुमच्याकडे यातलं काय आहे ते वहीत दुसऱ्या ओळीत लिहा. पुढे तक्रार करताना कामी येतं.

तारेवरची चाचणी

पहिलं मोजमाप राऊटर बंद-चालू न करता घ्या. सगळे आधी रीस्टार्ट करायला सांगतात, मला ते पटत नाही. रीस्टार्टनं त्रास तात्पुरता जातो आणि त्यासोबत पुरावाही जातो. आहे त्या स्थितीत मोजा, लिहा, मग हवं तर रीस्टार्ट करून परत मोजा. रीस्टार्टनंतर वेग दुप्पट झाला, तर राऊटर तापतो आहे किंवा म्हातारा झाला आहे हेही कळेल.

घरातली बाकीची गर्दी मात्र थांबवा. टीव्ही बंद, मोबाइलांचं वायफाय बंद, लॅपटॉपवरचं क्लाउड बॅकअप आणि अपडेट थांबवलेलं, ऑफिसचं व्हीपीएन काढलेलं. सीसीटीव्ही विसरू नका. दारावरचा कॅमेरा ढगात रेकॉर्डिंग पाठवत असेल तर तो चोवीस तास अपलोड खातो. लॅपटॉप चार्जरवर ठेवा, बॅटरी वाचवायच्या नादात काही लॅपटॉप नेटवर्क कार्डही मंद करतात.

आता लॅन केबलचं एक टोक राऊटरच्या 'लॅन' लिहिलेल्या पोर्टमध्ये लावा, दुसरं लॅपटॉपमध्ये. 'वॅन' लिहिलेलं पोर्ट बाहेरून येणाऱ्या तारेचं, त्याला हात लावू नका. केबलच्या अंगावर कॅट ५ई किंवा कॅट ६ छापलेलं असावं. हल्लीच्या पातळ लॅपटॉपना लॅनचं पोर्ट नसतं, त्यांच्यासाठी यूएसबीवरून लॅन देणारा छोटा अडॅप्टर बर्डीच्या बाजारात सहज मिळतो. घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारा, "गिगाबिटचा आहे का, यूएसबी ३ चा आहे का?" दिसायला सगळे सारखेच असतात, पण स्वस्तातले कित्येक १०० एमबीपीएसवरच अडकलेले असतात.

केबल लावली की लॅपटॉपचं वायफाय बंद करा. ही पायरी लोक सर्रास विसरतात, आणि तार लावूनही मोजलं जातं ते वायफायच. मग विंडोजमध्ये सेटिंग्ज, त्यात नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात ईथरनेट असं जाऊन 'लिंक स्पीड', म्हणजे लॅपटॉप आणि राऊटरमधल्या जोडणीचा वेग, बघा. तिथे १०००/१००० दिसायला हवं. १००/१०० दिसलं तर चाचणी करण्याआधीच दोष सापडला.

इथे जरा थांबतो, कारण १०० च्या वरचा प्लॅन घेतलेल्यांची फसगत मुख्यतः इथेच होते. माझ्या स्वतःच्या घरी ३०० चा प्लॅन घेतला तेव्हा तारेवर सकाळी ९४, दुपारी ९४, रात्री ९४. इतका एकसारखा आकडा आला की शंका घ्यायची. गर्दीमुळे कमी झालेला वेग असा एका जागी खिळून राहत नाही, तो हलतो. ९४ वर ठाण मांडलेला आकडा म्हणजे मध्ये कुठेतरी १०० ची लिंक बसली आहे. पूर्ण १०० का नाही? कारण डेटा लहान पाकिटांतून जातो आणि प्रत्येक पाकिटासोबत पत्ता, तपासणी, मोकळी जागा असं सामान जातं. तारेवरच्या दर १५३८ बाइटांमागे १४६० च्या आसपास बाइट तुमच्या कामाचे असतात. याच हिशेबानं गिगाबिटच्या निर्दोष तारेवरही ९४० च्या आसपासच आकडा येतो.

लॅन केबलमध्ये आठ वायरी असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. या जास्तीच्या दोन जोड्यांतली एक जरी वायर सुटली तरी बहुतेक उपकरणं मुकाट्यानं १०० वर उतरतात. दिवा हिरवाच राहतो, इंटरनेट चालूच राहतं, कोणाला पत्ता लागत नाही. मी राऊटरमधून केबल काढली, तिचा पारदर्शक जॅक खिडकीच्या उजेडात धरला आणि समोरून वायरी मोजल्या: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. शेवटची तपकिरी वायर सोनेरी पिनेच्या अलीकडेच, भाताच्या शिताएवढ्या अंतरावर संपली होती. जोडणाऱ्यानं क्रिम्पिंग करताना, म्हणजे वायरींवर जॅक दाबून बसवताना, ती पुढे सरकली नव्हती. नवा जॅक मारला, लिंक १००० झाली, आकडा ३०० च्या वर गेला. आठ महिने मी ३०० चे पैसे भरून ९४ वापरत होतो.

जॅक ठीक असूनही १०० च दिसत असेल तर राऊटरचं पोर्टच तेवढं असू शकतं. जुन्या आणि स्वस्त राऊटरांची सगळी पोर्टं १०० ची असतात. राऊटरच्या तळाचा मॉडेल नंबर शोधून 'फास्ट ईथरनेट' लिहिलंय की 'गिगाबिट' ते पाहा. फास्ट हा शब्द वाचून हुरळून जाऊ नका, त्याचा अर्थ १०० च.

लिंक बरोबर असली की चाचणी घ्या. एकाच जागी लागोपाठ तीन वेळा, मधे मिनिटभर थांबून. तीनही आकडे लिहा. सरासरी काढायच्या भानगडीत पडू नका. मधला आकडा धरा आणि सर्वांत कमीही लक्षात ठेवा.

कोणत्या साइटवर मोजायचं

ऊकलाची स्पीडटेस्ट सगळ्यांना माहीत आहे. नेटफ्लिक्सचं फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून मोजतं. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेचं मायस्पीड हे ॲप मोबाइलसाठी आहे. मी दोन वापरतो, ऊकला आणि फास्ट, आणि दोघांत फरक किती ते बघतो.

याचं कारण असं. ऊकला आपोआप जवळचा सर्व्हर निवडते, आणि तो पुष्कळदा तुमच्याच कंपनीचा असतो. तिथवरचा रस्ता कंपनीच्या अंगणातला. तो आकडा चांगला आला म्हणजे घरापासून कंपनीपर्यंतची तार चांगली, एवढंच सिद्ध होतं. म्हणून सर्व्हर बदलून एकदा नागपूरचा आणि एकदा मुंबईचा निवडा. नागपूरवर २०० आणि मुंबईवर ६० असं वारंवार येत असेल तर कंपनीची शहराबाहेर जाणारी लाइन अपुरी आहे. कंपनीचा माणूस घरी येऊन स्वतःच्याच सर्व्हरवर मोजून दाखवेल. तेव्हा शांतपणे मुंबईचा सर्व्हर निवडून परत मोजायला सांगा.

चाचणीला डेटा लागतो हेही ध्यानात असू द्या. ३०० एमबीपीएसवर दहा सेकंदांचं डाउनलोड म्हणजे ३७५ मेगाबाइट. घरच्या प्लॅनवर याचं काही वाटणार नाही, पण मोबाइलच्या दिवसाला दीड जीबीवर चार चाचण्यांत दिवस संपेल. फोनवर मोजताना वायफायच चालू आहे ना, हे आधी पाहा.

आता वायफाय

तोच लॅपटॉप, तीच साइट, तोच सर्व्हर, तीच वेळ. फक्त तार काढायची आणि वायफाय लावायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर फरकाचं कारण कळतं. तारेला लॅपटॉप आणि वायफायला जुना मोबाइल असं केलंत तर मोजला जातो तो मोबाइल.

आधी राऊटरचे दोन्ही बँड, म्हणजे वायफायच्या लहरींचे पट्टे, वेगळे करा. बऱ्याच राऊटरांत २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ एकाच नावानं चालतात आणि लॅपटॉप कशावर बसला ते दिसत नाही. राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोघांना वेगळी नावं द्या, मोजून झालं की परत एक करा. पाच गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीला हार मानणारा. २.४ मंद, पण दूरवर पोचणारा, आणि गर्दीनं भरलेला. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत, १, ६ आणि ११, आणि फ्लॅट स्कीममध्ये वीस-पंचवीस घरांचे राऊटर त्याच तिघांवर दाटीवाटीनं बसलेले असतात. ब्लूटूथही तिथेच, मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो.

पहिलं मोजमाप राऊटरपासून पाच-सहा फुटांवर, मध्ये काही आड नसताना. हा वायफायचा सर्वांत चांगला आकडा, बाकी सगळं याच्याशी ताडून बघायचं. मग जिथे खरोखर बसता त्या जागा: अभ्यासाचं टेबल, स्वयंपाकघर, पलंग. दार एरवी बंद असतं तर मोजतानाही बंद ठेवा. उन्हाळ्यात कूलर लावलेला असताना एकदा आणि कूलर काढल्यावर एकदा मोजा. धातूचा पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या शोषतं, आणि कूलर हे दोन्हींचं मिश्रण आहे. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टंकी, फिश टँक, सगळ्यांना हेच लागू. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांत दोन-दोन फुटांच्या भिंती आहेत, तिथे एका भिंतीपलीकडे पाच गिगाहर्ट्झ जवळपास संपतो. अशा घरात राऊटर बदलण्यापेक्षा दुसऱ्या खोलीपर्यंत केबल ओढणं हाच टिकाऊ उपाय.

वायफायवर किती यायला हवं? लॅपटॉप 'लिंक स्पीड' म्हणून जो आकडा दाखवतो त्याच्या साधारण अर्ध्या ते दोन तृतीयांश वेग प्रत्यक्ष मिळतो. वायफायवर बोलणं आणि ऐकणं एकाच हवेत, आळीपाळीनं होतं, म्हणून ही तूट. वायफाय ५ चा दोन अँटेनांचा लॅपटॉप नेहमीच्या ८० मेगाहर्ट्झ रुंदीवर ८६६ ची लिंक दाखवतो, राऊटरजवळ ५०० च्या आसपास देतो. एक अँटेनाचा स्वस्त फोन ४३३ दाखवतो, २५०-३०० देतो. २.४ वर २० मेगाहर्ट्झ रुंदीत दोन अँटेनांची लिंकच १४४ ची, त्यामुळे तिथे ७०-८० आले तरी उत्तम समजा. ज्यांचा फोन फक्त २.४ पकडतो त्यांनी ३०० च्या प्लॅनमधले ३०० फोनवर शोधू नयेत.

माझ्या वहीतलं एक पान देतो. प्लॅन ३००. तारेवर ३०१. पाच गिगाहर्ट्झवर राऊटरजवळ २८०, स्वयंपाकघरात ९५, आतल्या खोलीत ४०. २.४ वर आतल्या खोलीत ३२. इथवर वाटतं, पाचच बरा. पण आतल्या खोलीत पाचचे तीन आकडे होते १२, ४० आणि ७०, तर २.४ चे ३१, ३२ आणि ३३. मीटिंगसाठी मी त्या खोलीत २.४ वापरतो. चांगल्या दर्जाच्या व्हिडिओ कॉलला ३-४ एमबीपीएस पुरतात, पण ते सलग मिळायला हवेत. सरासरीच्या नादात पडू नका म्हटलं ते यासाठी.

काकूंकडे राऊटर खिडकीजवळून काढून हॉलच्या समोरच्या भिंतीवर, दाराच्या उंचीला लावला. तेवढ्यानं आतल्या खोलीत १८ चे ११० झाले. एक रुपयाचं सामान लागलं नाही, फक्त तार थोडी पुढे ओढावी लागली. फायबर असेल तर मात्र ती स्वतः ओढू नका. काटकोनात मोडली की आतली काच तुटते, कंपनीच्या माणसालाच बोलवा.

पिंग, ज्याकडे कोणी बघत नाही

वेगाच्या आकड्याशेजारी मिलिसेकंदात एक लहान आकडा असतो, पिंग. तुमचा निरोप जाऊन उत्तर परत यायला लागलेला वेळ. कॉल तुटणं, गेम अडकणं, यात बहुतेक वेळा दोष वेगाचा नसून पिंगचा असतो.

याला खालची एक मर्यादा आहे, ती निसर्गाची. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याच लांबीची सरळ तार धरली तर जाऊन-येऊन १४०२ किलोमीटर, म्हणजे ७ मिलिसेकंद. मुंबईच्या सर्व्हरचं पिंग त्याखाली येणं शक्य नाही, आणि खरी तार वळणं घेत, थांबे घेत जाते म्हणून १५-२५ दिसलं तर ते छान आहे. परदेशातल्या सर्व्हरचं पिंग १०० च्या वर दिसलं म्हणून घाबरू नका, अंतरच तेवढं आहे.

दोष घरात की बाहेर हे पिंगनं फार लवकर कळतं. विंडोजच्या स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा. तिथे इंग्रजीत पिंग, मग जागा सोडून राऊटरचा पत्ता लिहा. तो राऊटरच्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. शेवटी जागा सोडून वजाचं चिन्ह आणि टी लिहिलं की तो सतत चालू राहतो, कंट्रोल आणि सी दाबलं की थांबतो. आता लॅपटॉप घेऊन घरभर फिरा. राऊटरपर्यंतच्या अंतराला तारेवर १ मिलिसेकंदच लागतो, वायफायवर २ ते १०. आतल्या खोलीत तोच आकडा मधूनमधून २००-३०० वर उड्या मारत असेल, 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येत असेल, तर दुखणं तुमच्या वायफायचं आहे. बाहेरचा रस्ता यात आलेलाच नाही. मग हेच गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्यावर, तारेनं करा. राऊटरपर्यंत सुरळीत आणि तिथे उड्या, तर रस्ता बाहेर खराब आहे.

आणखी एक. ऊकलाच्या निकालात पिंग तीन वेळा दाखवतात: निवांत असताना, डाउनलोड चालू असताना आणि अपलोड चालू असताना. निवांत १५ आणि अपलोडच्या वेळी ४००, असं दिसलं तर घरात कोणी फोटोंचा बॅकअप सुरू केला की तुमची मीटिंग तुटणार. राऊटरमध्ये 'क्यूओएस' नावाची, कोणत्या कामाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय असेल तर ती चालू करून अपलोड थोडं आवळा. नसेल तर मीटिंगच्या वेळी बॅकअप बंद ठेवा.

तीन दिवस, तीन वेळा

एका वेळचा आकडा फसवा असतो. सकाळी सहा-सातला, दुपारी, आणि रात्री नऊ ते अकरामध्ये, असं तीन दिवस तारेवर मोजा. फायबरच्या जीपॉन पद्धतीत सुमारे २.४ गिगाबिटचा एकच प्रवाह गल्लीतल्या अनेक घरांत वाटलेला असतो, आणि पुढची लाइन अख्ख्या वस्तीची. क्रिकेटचा सामना असेल त्या रात्री वेग थोडा पडणं समजू शकतं. रोज रात्री तारेवर २०० चे ४० होत असतील तर कंपनीनं पेललं नाही एवढी कनेक्शनं दिली आहेत, आणि ती तक्रारीची गोष्ट आहे.

तक्रार करताना "नेट स्लो आहे" असं म्हणू नका. त्यावर फोनवरचा माणूस रीस्टार्ट करा म्हणणार आणि फोन ठेवणार. ॲपवर किंवा ईमेलनं असं लिहा:

"माझा प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे. लॅपटॉप लॅन केबलनं जोडून, वायफाय बंद ठेवून, लिंक स्पीड १००० असताना, सलग तीन दिवस रात्री साडेनऊला मुंबईच्या सर्व्हरवर डाउनलोड ३८, ४१ आणि ३६ आलं. सकाळी साडेसहाला त्याच जोडणीवर १९४ येतं. राऊटरपर्यंतचं पिंग १ मिलिसेकंद आहे. सोबत स्क्रीनशॉट जोडले आहेत. कृपया डॉकेट (तक्रार) नंबर द्यावा."

असा मजकूर गेला की रीस्टार्टचा सल्ला येत नाही, लाइनमनची वेळ येते. तो आला की त्याच्यासमोर, त्याच केबलवर परत मोजा. आधी चहा-पाणी विचारा. उन्हातान्हात खांबावर चढणारा तो माणूस आहे, प्लॅन विकणारा तो नव्हे. त्यानं जॅक बदलला, डबा बदलला, पोर्ट बदललं तर काय बदललं ते तारखेसह वहीत लिहा आणि तो असतानाच तीन चाचण्या घ्या.

मुदतीत काम झालं नाही किंवा न सुधारताच तक्रार बंद केली, तर डॉकेट नंबर घेऊन त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचं. ट्रायच्या नियमांनुसार ही दुसरी पायरी कंपन्यांना ठेवावी लागते आणि तिचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे थेट तिकडे लिहून वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथेही नोंद करता येते. दोन्हीकडे वहीतलं तेच पान जोडायचं: तारीख, वेळ, तार की वायफाय, सर्व्हर, तीन आकडे, पिंग.